लिस्बनचा तेरडा मी उपटला, काकी

येसूकाकी, तुझी गाणी टेपवर भरायच्या त्या मॅडमनी वही दिलीय. म्हणाल्या, येसूबाईंवर छोटं पुस्तक काढू, तू पण लिही, तू तिच्यासंगं लिस्बनला होतीस. जन्म कुठला, माहेर कुठलं, किती गाणी यायची, ते त्या लिहिणार. मी मला वाटेल ते लिहायचं. मला वाटतं ते लिहिलं तर वाडीत कोण बोलेल का नाय माझ्याशी ते ठाऊक नाय, पण लिहिते. माझी शाळा सातवीला सुटली, चुका होतील. तुला तर सहीपण येत नव्हती, पासपोर्टाच्या कागदावर अंगठा केलास नि शाई पुसायला साहेबाचाच रुमाल मागितलास.

तू गेलीस त्याला आज अकरा दिवस. काल मला गावदेवीच्या देवळात उभं केलं. गणपतीला आलेले मुंबईवाले सगळे होते, मंडप भरला होता. हातात नारळ दिला. बोलायचं एवढंच होतं, की येसूनं परमुलखात अवेळी गौर आणली, आमाला भरीला पाडलं, आमचा दोष नाय, पदरात घे. आपल्यासंगं आलेल्या चौघी परवाच बोलून मोकळ्या झाल्या. राहिले मी. नि माझी छकुली चार दिवस तापात होती, तर सगळे म्हणायला लागले, बघ, पहिली येसू गेली, आता हिच्या पोरीवर आलंय, लवकर बोलून टाक.

आता तुला नि मला तर पक्कं ठाऊक होतं, की ती गौर तू नाय आणलीस. मी आणली. तू माझ्या हातातून काढून घेतलीस.

म्हणून मी पहिल्यापासून सांगते. देवळातलं शेवटी सांगेन.

मॅडम महाडहून टेप घेऊन यायच्या तुझी गाणी भरायला, तवा तू त्यांना कोरा चहा द्यायचीस नि म्हणायचीस, एवढी गाणी नेताय, विकताय का काय कुठं. मग त्यांनीच एकदा येऊन सांगितलं, की लिस्बन म्हणून शहर हाय, पोर्तुगालची राजधानी, तिथं बायकांच्या गाण्यांचा मेळा हाय, शुक्रवारी पोचायचं, शनिवार रविवार राहायचं, सोमवारी परत. सहा बायका पायजेत. तू विचारलंस, तिथं भात लावतात का. मॅडम म्हणाल्या, थोडंफार लावतात. तू म्हणालीस, मग जाऊ.

मला तू घेतलंस त्यावर किती बोलली वाडी. छकुली नऊ महिन्यांची. सासू म्हणाली, अंगावर पिणारं पोर टाकून कोण जातं, मांजर पण जात नाय. तू आमच्या दारात येऊन उभी राहिलीस. तू आमच्या भावकीतली नाय, खालच्या आळीची, तरी मला न्हाऊ तूच घातलंस, छकुलीला पहिली आंघोळ तूच घातलीस, म्हणून सासूला तुला आत ये म्हणावंच लागलं. तू म्हणालीस, चार दिवस पोरीला गाईचं दूध पाज, मरत नाय ती, हिचा आवाज मात्र मरेल इथं. सासू दुधाचं भांडं बघायला आत गेली. मी दाराआड उभी होते, मला जायचं होतं नि नव्हतं पण.

विमानात माझी छाती दगड झाली, काकी. मी रडायला लागले. विमानातल्या बाईनं तोंड पुसायला गरम फडकी वाटली, तर तू सगळ्यांची गोळा केलीस नि पदराखालून माझ्या छातीवर ठेवलीस. ती बाई बघत राहिली. तू तिला म्हणालीस, अजून आण. तिला काय कळलं कुणास ठाऊक, पण तिनं आणली.

नि लिस्बन कसं, तर चढच चढ. मॅडमना धाप लागायची, आपल्याला नाय. पिवळी ट्राम यायची ती चढाला अशी कुंथायची, की तू म्हणालीस, आपली एस्टी आंबेनळी घाटात इतकी नाय करत. खिडक्यांतून कपडे वाळत घातलेले, चड्ड्यासुद्धा रस्त्यावर, ते बघून तुला बरं वाटलं. मला म्हणालीस, भितेस कशाला गो, माणसंच हायत, कपडे धुतात. मी तर तुझ्या पदराचं टोक मुठीत धरून चालत होते, शनिवार आख्खा.

त्या सुक्या मासळीच्या दुकानात पण मी बाहेरच थांबले. खारवलेले मोठेच्या मोठे मासे, फळ्यांसारखे रचलेले. आपण आगोटीची, पावसाळ्याच्या साठ्याची मासळी महाडच्या बाजारात घेतो तशी तू आत गेलीस, एक उचललास, वास घेतलास, वाकवून बघितलास. दुकानातली म्हातारी ओरडत आली. तू मराठीत, ती तिच्या भाषेत. मी म्हटलं, आता पोलीस येणार. पाच मिनिटांनी बघते तर ती तुला दाखवत होती की पाण्यात कितीदा भिजवायचा, नि तू मान हलवत होतीस की नाय, आमी एकदाच भिजवतो. तिनं तुकडा कागदात बांधून दिला. बाहेर येऊन तू म्हणालीस, मासा जाड हाय, पण बाई चांगली हाय.

त्याच दिवशी दुपारी छाती परत भरली. आपण उतरलो होतो त्या वसतिगृहाच्या मोरीत मी दूध पिळत होते, तर तू मागून येऊन माझा हात धरलास. लेकराचं दूध गटारात घालतेस, अक्कल हाय का. कागदाचा पेला आणलास. भरला तसा खाली नेलास. समोर बाग होती, कडेला जांभळ्या फुलांचं मोठं झाड, त्याच्या मुळाशी ओतलास. आपल्याकडं तुळशीत नाय तर झाडाच्या बुडाशी घालतात, कुणाच्या पायाखाली येऊ देत नायत, तसंच. मला म्हणालीस, दोन दिवस ह्यालाच पाज. मी हसले. घर सोडल्यापासून पहिल्यांदा हसले मी तवा.

मग संध्याकाळी गाण्याची जागा बघायला गेलो नि तिथं बिनसलं. मेळ्याच्या माणसानं मॅडमना सांगितलं, पहिलं गौरीचा फेर, नि बायकांनी ओळीत उभं राहायचं, तोंड माणसांकडं. तसंच कागदावर छापलं होतं. तू म्हणालीस, कागद त्यांनी छापला, फेर आमचा हाय. भातलावणीची म्हणू, जात्याची म्हणू, फेर नाय. फेर भादव्यात, गौरीपुढं. आपल्याकडं मुखवट्याची गौर नाय, तेरड्याचीच. पोरी ओढ्यावर जाऊन तेरडा मुळासकट उपटून आणतात ती गौर, नि ती मधी बसल्याबिगर फेर धरायचा नसतो. मॅडम समजावत होत्या. तू म्हणालीस, गौर नाय तर आमी कुणाभोवती फिरायचं, खुर्चीभोवती?

मॅडमचं तोंड एवढंसं झालं होतं. वर्षभर आपल्या मागं पळाल्या होत्या, दाखले, फोटो, मुंबईला तीनदा नेलं. मला लई वाईट वाटलं. आणि भीती वाटली, की ही माणसं म्हणतील, तिकीट आमी काढलं नि ह्या गात नायत. खोलीत येऊन मी तुझ्याशी भांडले. तू हट्टी हायस म्हटलं. इथं कोण बघतंय म्हटलं. तू पाठ करून झोपलीस. तुला पाठ करून झोपताना मी कवा बघितलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी एकटीच खाली गेले पेला घेऊन. त्या झाडाच्या पलीकडं बघते तर तेरडा. गुलाबी, पांढरा, वाफाच्या वाफा. मे महिन्यात. आपल्याहून बुटका, पण पान तेच, तीच टपोरी देठं, पिचली की पाणी सुटतं. कुंपण नाय, काय नाय, रस्त्याच्या कडेला. आपल्याकडं तेरडा उपटायला कोण विचारतं का कुणाला? मी बसले नि उपटला. मुळासकट, दोन्ही हातांनी, कवळाभर. मला वाटलं, काकीला आता गौर मिळाली, आता मॅडमचं होईल.

शिट्टी वाजली. बागेचा राखणदार पळत आला, मोठ्यानं बोलत. मी तशीच उभी, माती साडीवर. माझ्या डोक्यात एकच, आता मला धरून ठेवतील नि छकुली तिकडं. तेवढ्यात तू जिन्यावरून उतरलीस, अनवाणी. तेरडा माझ्या हातातून ओढून घेतलास, पदरात धरलास नि त्याच्यापुढं जाऊन म्हणालीस, "मी उपटला. हिनं नाय. हिचं लेकरू घरात हाय."

त्याला मराठी कुठली कळायला. पण तो थांबला. मॅडम धावत आल्या, माफी मागितली, काय काय सांगितलं. तो वाफ्याकडं बघून डोकं धरून उभा होता, मग हात झटकून गेला. बिचाऱ्यानं लावलेला होता तो, काकी. आपल्याला काय ठाऊक की कोण तेरडा लावतं.

मग तू मला बोललीस. एवढं बोललीस, की बाकीच्या चौघी खिडकीतून बघायला लागल्या. विचारल्याबिगर, परक्या गावात, दुसऱ्याचं लावलेलं. बोलून दमलीस नि पायरीवर बसलीस, पदरात ती रोपं. एकेक मुळी बोटांनी साफ करायला लागलीस. लई वेळ. मग म्हणालीस, "ह्यांच्याकडं भादवा आता हाय गो."

मी म्हटलं, काय.

"तेरडा फुललाय म्हणजे तिचे दिवस हायत. इथं आता हायत. नि आता आलीच हाय पदरात, तर आलेल्या गौरीला फिरवत नसतात. पाणी आण."

मी पाणी आणलं. त्या वसतिगृहाच्या दारात तू गौर माझ्याच हातात दिलीस, तू नाय धरलीस, तू विधवा म्हणून नाय धरलीस, मला म्हणालीस, तू लेकुरवाळी, तू आण. माझ्या पायांवर पाणी घातलंस. हळदकुंकू मॅडमच्या पर्समधून निघालं. दारावर बसणारी पोरगी, सोनेरी केसांची, ती उठून उभी राहिली, नि तू तिच्यापण कपाळाला लावलंस.

दुपारी मधी गौर ठेवली नि आपण तिच्याभोवती उभ्या राहिलो. आपली तोंडं गौरीकडं, पाठी माणसांकडं. तो माणूस मॅडमना खुणा करत होता, मॅडमनी त्याच्याकडं बघितलंच नाय. तू आवाज लावलास. काकी, तो आवाज मी वाडीत रोज ऐकलाय, पण त्या दगडी हॉलमधी तो असा वर गेला, की माझी भीती कुठं गेली मला कळलं नाय. दुसऱ्या गाण्याला माणसं खुर्च्या सोडून उठली. त्यांना आपली तोंडं बघायची होती तर ती चालत आली नि आपल्याभोवती गोल उभी राहिली. तुला ओळीत उभं करणार होते. तू त्यांनाच गोलात उभं केलंस.

हे सगळं खरं झालेलं हाय. वाडीत सांगितलं तर म्हणतात, फुशारकी. मॅडमच्या टेपमधी हाय, ऐका जाऊन.

सोमवारी पहाटे निघायच्या आधी तू गौर नदीत सोडलीस. मॅडमनी टॅक्सी थांबवली त्यासाठी. नदी समुद्राएवढी होती. तू म्हणालीस, एवढ्या पाण्यात पहिल्यांदा चाललीय, सांभाळून जा. गौरीला म्हणालीस का मला, ते मी विचारलं नाय.

आणि घरी आल्यावर काय झालं ते तुला ठाऊकच हाय, पण मला माझ्या तोंडानं सांगायचंय. आपल्यातल्याच एकीनं हौसेनं सांगितलं, की आमी मेमधी गौर आणली. गावकी बसली. तात्यांनी, अध्यक्ष ना ते, विचारलं, कुणी आणली. तू उभी राहिलीस नि म्हणालीस, मी. मी खांबाआड होते छकुलीला घेऊन. माझ्या तोंडातून शब्द नाय फुटला. तुला ह्या वर्षी फेरातून बाहेर ठेवलं. चाळीस वर्षं आवाज लावणारी बाई, नि बाहेर. तू नुसती मान हलवलीस, पदर खोचलास नि लावणीच्या कामाला गेलीस.

मी तुझ्या मागं शेतावर आले. म्हटलं, मी सांगते, मला बोलू दे. आपण बांधावर भांडलो. तू म्हणालीस, तू सांगशील तर तुझ्या सासूला निमित्त मिळेल, नवरा मुंबईला, तुला कोण वाली. पोरगी मोठी होऊ दे, मग बोल. मी म्हटलं, मग तवा तू नसशील. रागात म्हटलं. तू हसलीस नि म्हणालीस, मग माझ्या नावानं शिव्या घाल.

ते मी बोलले, काकी. मग तू नसशील, असं. महिना दीड महिना झाला असेल त्याला. भाताची बेणणी चालली होती, तू तण काढता काढता बांधावर टेकलीस नि परत उठली नायस. पोलादपूरचे डॉक्टर म्हणाले हृदयाचं. वाडी म्हणाली गौरीचं. मी तीन दिवस नुसती विचार करत होते की माझं तर नाय ना, त्या बोलण्याचं.

तुझ्या घरी मला बसू पण दिलं नाय. भावकी वेगळी, तुला कुठलं सुतक, म्हणाले. तुझ्या सुनेला धरून रडायचं होतं, तर दारातून परत पाठवलं. जिनं मला न्हाऊ घातलं तिची मी कोण नाय.

मग छकुलीला ताप आला. मी तिला पोलादपूरला नेलं, डॉक्टरनी तपासलं, म्हणाले सर्दीचा हाय, औषध दिलं, उतरेल म्हणाले. उतरायचा नि चढायचा. सासू माझ्याशी भांडली नाय, हे सगळ्यात वाईट. ती नुसती म्हणाली, "तिकडं येसू आता ऐकायला हाय का? तिचं नाव घेतलंस तर तिचं काय जातं?"

हे मी रात्रंदिवस घोळवलं. तुझं काय जातं. तू तर आधीच स्वतःवर घेतलेलं. एक वाक्य, नारळ ठेवायचा, घरी यायचं, पोरगी बरी. तू असतीस तर तूच म्हणाली असतीस, बोल नि मोकळी हो. मला पक्कं ठाऊक हाय, तू हेच म्हणाली असतीस. म्हणूनच मला तुझा राग येतो. तू सगळं काढून घेतेस हातातून. तेरडा घेतलास, दोष घेतलास, नि बोलायची माझी पाळी आली तर तीपण घेऊन ठेवलीस, पोरगी मोठी होईपर्यंत. मला विचारलंस का?

तर काल. छकुली माझ्या खांद्यावर, नारळ हातात. नवरा मुंबईहून आलाय, तो पुरुषांत बसला होता, चटईची काडी तोडत. सासू बायकांत. गुरव म्हणाला, बोल. मी म्हटलं, मी वेगळं बोलणार हाय. तात्या म्हणाले, वेगळं काय नसतं, चौघी बोलल्या तेच.

मी म्हटलं, "तेरडा मी उपटला. काकीनं नाय. मी उपटला, मी हातात धरून आणला, माझ्या पायांवर पाणी घातलं. काकी माझ्यासाठी खोटं बोलली."

एकदम सगळे बोलायला लागले. त्या चौघींतली एक म्हणाली, हो, खरं हाय, खिडकीतून आमी बघितलं होतं, नि तिच्या नवऱ्यानं तिला गप केलं. तात्यांनी हात वर केला. म्हणाले, बरं, तू तर तू, मग तूच माफी माग, चूक झाली म्हण, मिटव.

इथपर्यंतच मी ठरवून गेले होते. खरं सांगायचं नि माफी मागायची. पण चूक म्हणायला तोंड उघडलं नि म्हणवेना. राखणदाराची माफी मागायची ना, ती मी मागेन, त्याचा वाफा मोडला. पण गौरीची कशाची? मी म्हटलं, तिथं तेरडा फुलला होता, तिथं तिचे दिवस होते. ती आली, आमी पाणी घातलं, गाणी म्हटली, नदीत पोचवली. ह्यात चुकलं काय ते मला सांगा. ती फक्त आपल्याच ओढ्यावर उगवते असं कुठं हाय?

मी काय धीट नाय काकी, तुला ठाऊक हाय. छकुलीला घट्ट धरलं नि तिथंच उभी राहिले.

तात्या मोठ्यानं नाय बोलले. हळूच म्हणाले, त्यानं मला जास्त भीती वाटली. "नि पोरीचं काय झालं म्हणजे?"

मी म्हटलं, "काय होईल ते माझ्या नावावर. काकीच्या नाय."

नारळ मी देवीपुढं ठेवला. पाया पडले. देवीशी माझं भांडण नाय. नि बाहेर आले. मागनं म्हणत होते, फेरात नाय ही, ह्या वर्षी पण नाय नि पुढं पण नाय. म्हणू देत. गाणी माझ्याकडं हायत, तू मला दिलीस ती, ती काढून घ्यायला गावकी बसवून होत नाय. मी ती छकुलीला शिकवणार. वाडीतल्या ज्या पोरी येतील त्यांना शिकवणार. नि कुठून बोलावणं आलं तर परत जाणार, नि तिथं तेरडा फुललेला असला तर ह्या वेळी विचारून घेणार.

वाटेत सासू मागनं येत होती. बरोबर नाय, दहा पावलं मागं. पण छकुलीचं टोपडं पडलं ते तिनं उचललं, झटकलं नि पुढं येऊन तिच्या डोक्यावर घातलं, नि परत मागं गेली. त्याचा अर्थ मी काढत नाय.

छकुलीचा गाल माझ्या मानेला लागलेला होता. गरम होता. माझ्या घामानं गरम का तिचा ताप, ते कळत नव्हतं. हात वर केला की कळलं असतं, कपाळ इथंच होतं, चार बोटांवर. मी हात लावून बघितला नाय. देवळातली माणसं पाठीकडून बघत होती, नि त्यांच्या डोळ्यांपुढं मला ते बघायचं नव्हतं. ती आख्खी चढण मी ताठ चढले, काकी, हात तिच्या पाठीवर ठेवून, कपाळाला न लावता.